भाच्याच्या सायकलीचे जादा चक्के फ्रान्सले कसे न्याचे?

चक्केवाला_आर्वी

राम राम मंडळी. इथं बरेच दिवसापासून वाचून रायलो, लिवाची पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

आर्वीजवळ माहं सायकल दुरुस्तीचं दुकान हाये. 29 वर्षं झाले, निंबाच्या झाडाखाली. आता सायकली कमी अन् फवारणीचे पंपच जास्त येते दुरुस्तीले. पण चक्का बांधाचा म्हटला की आजूबाजूच्या खेड्यातले लोक माह्याकडंच येते. काळी 28 इंची सायकल, पुढं 32 तारा, मागं 40, लाइट गेली तरी बांधून देतो.

माहा भाचा यवतमाळकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर हाये. त्याले हे लांब सायकल चालवाचं खूळ लागलं. यंदा 600 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळात पुरी कराची लांब सायकल फेरी, 40 तासाच्या आत केली. आता म्हणते, मामा, 2027 च्या ऑगस्टात फ्रान्सातल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीले जातो. 1200 किलोमीटर, 90 तास. त्याची माय मले विचारते, "दादा, इथले रस्ते संपले काय याचे?" तिले काय सांगू?

आता मुद्दा. मागच्या 400 च्या वेळी रात्री दोन वाजता त्याचा फोन आला. मागच्या चक्क्याच्या चेनीकडच्या दोन तारा तुटल्या, चक्का असा आऊट, म्हणजे वाकडा, झाला की फ्रेमले घासे. मी उठलो, दुसरा चक्का मोटारसायकलच्या मागं बांधला अन् निघालो. गाठलं त्याले. तर पोट्टा म्हणते, "मामा, इथं हात लावू नका. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर चालते." कंट्रोल म्हणजे हजेरीचा शिक्का घ्याची जागा; तो होता पुढचा ढाबा, चार किलोमीटर. मग हा मागचा चक्का उचलून सायकल ढकलत पायी, अन् मी पाठीले नवा चक्का बांधून पहिल्या गिअरवर त्याच्या बाजूनं. ढाब्यावाल्याले वाटलं आमचं भांडण झालं.

त्या रात्रीच ठरवलं, याले जादा चक्क्याची जोडी बांधून देतो. 32 छिद्राची रिम, 2 मिलिमीटरच्या स्टेनलेस तारा, तीन क्रॉस. आठ दिवस रोज थोडं थोडं ताणून, दाबून, पुन्हा आऊट काढून बसवले. मजुरीचा तर प्रश्नच नाही. वरुडकडून संत्र्याच्या पेटीच्या फळ्या आणल्या अन् दोन्ही चक्क्याच्या मापाची पेटीबी ठोकली, 72 बाय 72 बाय 30 सेंटिमीटर. टायर चढवून, हवा भरून, एकदम तयार.

आता हे तिकडे पोचवाचे कसे? कुरिअरनं आधीच पाठवू, की पोट्ट्यासोबत विमानात? अन् तिकडे पोचल्यावर रस्त्यात त्याच्यापर्यंत कोण नेईन? नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये अमेरिकेच्या त्या आडव्या शर्यतीत होते, तवा मागून गाडी चाले अन् सामान गाडीत राहे असं ऐकलं. इथं तसं जमते काय?


बडनेरा_ब्रेव्हे

मामा, नमस्कार. मी 2023 ची पीबीपी, म्हणजे हीच पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, केली, 88 तासांत. तुमचा प्रश्न वाचून आधी हसलो, मग माझ्याच चाकाची गोष्ट आठवली.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, मागून गाडी चालत नाही. अमेरिकेच्या रॅममध्ये, म्हणजे तुम्ही म्हणता त्या आडव्या शर्यतीत, सपोर्टची गाडीच असते, तिथे चाकं, जेवण, माणसं सगळं मागोमाग. पीबीपीत उलटं. कोणी मदतीला आलंच तर ते फक्त कंट्रोलवर भेटू शकतं आणि त्यांच्या गाडीला रस्ताही वेगळा ठरवून दिलेला असतो. तुमच्या भाच्याने ढाब्यापर्यंत सायकल ढकलली ते अगदी बरोबर केलं. हे पोरगं तिथे टिकेल.

म्हणजे जादा चाक जाऊन जाऊन जाणार कुठे? लुदेआकला. हे गाव जाताना साधारण 440 किलोमीटरवर लागतं आणि येताना पुन्हा 780 च्या आसपास. बरेच जण पैसे भरून आपली एक बॅग तिथे ठेवतात: कपडे, ट्यूब, चिवडा. बॅग पोचवणारे खासगी लोक असतात आणि बॅगेच्या मापाची अट असते, चाक घेतात का ते आधी विचारून ठेवा. पण समजा घेतलं. आता चाक लुदेआकमध्ये आणि तार तुटली ब्रेस्टच्या अलीकडे, तर?

माझं तेच झालं, फक्त उलट्या बाजूला. परतीला तँतेन्याकचा कंट्रोल सोडला, फुजेरचा यायचा होता, पहाटेची वेळ, आणि टंग! मागच्या चाकाची चेनीकडची तार, हबच्या वळणापाशी. माझंही जादा चाक होतं, मोठ्या हौशीने नेलेलं. ते मागे लुदेआकला बॅगेशेजारी झोपलं होतं. खिशात केवलारच्या दोरीची आणीबाणीची तार होती, तीच कामाला आली. ती हबच्या छिद्रातून ओवता येते, कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांची जुडी, काढावी लागत नाही. वीस मिनिटं लागली, बोटं थंडीने वाकत नव्हती. फुजेरला कंट्रोलवर मेकॅनिक बसलेला असतो, त्याने बाकीचं बघितलं.

तेव्हा माझं मत, स्पष्ट सांगतो, राग मानू नका: पुढचं चाक नेऊच नका. पुढच्या चाकावर वजन कमी, दोन्ही बाजूंच्या तारा जवळजवळ सारख्या ताणाच्या, ते सहसा मोडत नाही. मोडतं ते मागचं, कारण कॅसेटसाठी जागा करायला चेनीकडच्या तारा उभ्या आणि जास्त ताणलेल्या. हे तुम्हाला मी काय सांगणार. दुसरं, भाच्याच्या पुढच्या हबमध्ये डायनॅमो आहे का? असेल तर तुमचं साधं पुढचं चाक लावल्यावर दिवा बंद, आणि रात्री दिव्याशिवाय तिथे चालू देत नाहीत.

मागचं न्यायचं असेल तर त्याआधी तीन गोष्टी तपासा. ॲक्सल 12 मिलिमीटरचा थ्रू, म्हणजे आरपार जाणारा, आहे का, हबची रुंदी 142 का. कॅसेटची बॉडी तीच का. आणि डिस्क: त्याच्या चाकाला सेंटरलॉक (एकाच रिंगने बसणारी) आणि तुमच्याला सहा स्क्रूवाली असेल तरी चालतं, पण ती जागेवर केसभर इकडेतिकडे बसते आणि ब्रेकचा गुटका घासत राहतो. पॅरिसला गेल्यावर हे कळून उपयोग नाही. एक अख्खी ब्रेव्हे त्या चाकावर मारायला सांगा.

माझी अजून एक चूक. मी चाकं वेगळ्या पिशवीत टाकली होती. पॅरिसला सायकलची पेटी आली, पिशवी आली नाही. विमान कंपनीच्या माणसाने एक कागद भरून घेतला आणि हसून निरोप दिला. पिशवी दोन दिवसांनी आली. मी चार दिवस आधी पोचलो होतो म्हणून वाचलो. चालवायची मुख्य चाकं सायकलच्या पेटीतच जाऊ दे, जादाचं खुशाल वेगळं.


काटेकोर_कारंजा

पीबीपी शर्यत नव्हे, रँदोने, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची सायकलफेरी. तिची व्यावसायिक शर्यत 1951 सालीच संपली. आता पहिला-दुसरा नंबर नसतो.


बडनेरा_ब्रेव्हे

घ्या. प्रत्येक धाग्यावर एक येतोच.


सोनेगाव_कार्गो

मामा, मी नागपूरला कार्गोच्या कामात आहे, एअरपोर्टाजवळच. तुमच्या पेटीबद्दल बोलतो, कारण ती वाचूनच मला धडकी भरली.

संत्र्याच्या फळ्यांची पेटी विसरा. परदेशी मालासोबत कच्च्या लाकडाचं पॅकिंग जातं त्याला आयएसपीएम 15 नावाचा नियम लागतो. लाकडातले किडे दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून फळी आतपर्यंत 56 अंशाला 30 मिनिटं तापवलेली लागते आणि तसा गव्हाच्या लोंबीचा शिक्का तिच्यावर मारलेला असतो. वरुडच्या फळीवर फार तर आडत्याचा शिक्का असेल. पुठ्ठा आणि प्लायवुडला हा नियम लागत नाही. पुठ्ठाच घ्या, फ्रिजच्या खोक्याचा जाड असतो, दुकानदार फुकट देतात.

आता माप. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. तुमची पेटी 72 गुणिले 72 गुणिले 30, म्हणजे 1,55,520. भागिले 5000, 31 किलो. आत चाकं टायरसकट पाचेक किलोची असतील. म्हणजे तुम्ही 26 किलो हवेचं भाडं भरणार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

आणि खर्च तिथे संपत नाही. माणसासोबत न जाता कुरिअरने गेलं की तिकडची कस्टम त्याला आयात समजते. फ्रान्समध्ये 20 टक्के कर आहे, वर कुरिअरवाल्याची कागद करण्याची फी. वापरलेलं आहे, स्वतःचं आहे, परत येणार आहे, हे सगळं पटवून देता येतं, पण ते पटवायला तिथे माणूस पाहिजे आणि तो माणूस त्या वेळी सायकलवर असणार. हॉटेलच्या पत्त्यावर पाठवलं आणि रिसेप्शनवाल्याने घेतलं नाही, तर खोकं आल्या वाटेने परत. कार्ने नावाचा एक कागद असतो, तात्पुरता माल बाहेर नेऊन परत आणायचा, आपल्याकडे फिक्की ही उद्योगांची संघटना देते. तो प्रदर्शनाची यंत्रं नेणाऱ्यांसाठी ठीक आहे. एका चाकासाठी कोणी त्याच्या नादी लागू नये.

विमानात सोबत न्या. बहुतेक कंपन्या साध्या बॅगेला लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर धरतात. तुमची पेटी 174. म्हणजे मोठ्या मापाचं सामान, वेगळे पैसे. पण टायर काढा. 700 च्या रिमला टायर असला तर चाकाचा व्यास 68 च्या पुढे जातो, नसला तर साधारण 63-64. एकच मागचं चाक असेल तर 65 बाय 65 बाय 20 च्या खोक्यात मावतं. बेरीज 150. म्हणजे साधी बॅग! तिकीट काढताना एवढं बघा की सामान नगावर मोजतात की एकूण वजनावर. सायकलची पेटी धरून वजन पुरलं पाहिजे.

निघताना चेक-इनच्या आधी कस्टमच्या टेबलावर सायकल आणि चाक दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, हब-फ्रेमचे नंबर लिहून. परत येताना "हे तिकडून विकत आणलं" म्हणून कोणी अडवलं की तो कागद दाखवायचा. त्यासाठी एक तास जास्तीचा धरून या.

आणि हो, धुऊन आणा. टायरच्या कंगोऱ्यात आपली काळी माती घेऊन युरोपात उतरू नये.


चक्केवाला_आर्वी

बाप्पा! एवढं कोणी मले दुकानात समजावून सांगितलं असतं तर चहा पाजला असता. पेटी मोडली. फळ्याचा कोंबड्यायचा खुराडा झाला.

बडनेरावाल्या भाऊ, तुमचं वाचून रात्रीच भाच्याले फोन केला. पुढच्या हबात डायनॅमोच हाये त्याच्या. मले माईत होतं, मीच तर तो चक्का दोनदा सरळ केला, पण डोक्यात आलं नाही. बांधाच्या नादात दोन्ही बांधून टाकले. मागच्याची डिस्क सहा स्क्रूवालीच निघाली अन् त्याची सेंटरलॉक. रविवारी तो आला तवा लावून पायली. तुम्ही म्हटलं तसंच, गुटका घासे. पत्र्याची पातळ चकती कापून डिस्कच्या मागं टाकली, आता मोकळी फिरते.

राग कायचा मानाचा. पण एक सांगतो, माह्या हातच्या तारा तुटत नाही. त्या 400 मध्ये तुटल्या त्या कंपनीच्या मशीनवर बांधलेल्या होत्या.

अजून एक. खोक्यात हबचा ॲक्सल पुठ्ठ्याले भोक पाडन ना? म्हणून मी ठिबकच्या कामातला पीव्हीसी पाइप कापून दोन्ही बाजूनं टोप्या केल्या, वरून जुन्या ट्यूबचा पट्टा. रिमच्या चारी बाजूनं बी ट्यूबच गुंडाळली. डिस्क काढून वेगळी, दोन पुठ्ठ्याच्या मधात. चालन का?


सोनेगाव_कार्गो

चालेल काय, धावेल. पाइप खोक्याच्या दोन्ही भिंतींना टेकेल इतका लांब ठेवा, म्हणजे वर दुसरी बॅग पडली तरी भार तारांवर जाणार नाही. आत चिठ्ठीवर भाच्याचं नाव, फोन आणि तिकडचा पत्ता. बाहेरचं लेबल फाटतं. पान्हे, स्पोकची चावी, जादा तारा सगळं खोक्यातच. हातातल्या बॅगेत सापडलं की काढून ठेवतात. दिव्याच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र हातातच. टायरमध्ये हवा भरायची ती गॅसची नळकांडी नेऊच नका, पंप न्या.


रेनकर_दिग्रसवाला

मूळचा दिग्रसचा, नोकरीमुळे सध्या फ्रान्समधल्या रेनला. लुदेआक इथून गाडीने तासा-सव्वातासावर. मागच्या वेळी रात्री दोनला तिथे उभं राहून लोकांना टाळ्या वाजवल्या. गावातले म्हातारे-म्हाताऱ्या अंगणात टेबल टाकून कॉफी वाटत बसतात, आपल्याकडे पालखीला पाणी वाटतात तसं.

एकच धोक्याची सूचना. इथे ऑगस्टात दुकानं भरवशाची नसतात. मालक सुटीवर, दारावर चिठ्ठी. 15 ऑगस्टला इथेही सुटी असते, मेरीचा सण. तेव्हा "तिकडे गेल्यावर घेऊ" यावर राहू नका. निदान तारा तरी बरोबर आणा, चेनीकडच्या मापाच्या आणि दुसऱ्या बाजूच्या, दोन्ही, कारण त्यांच्या लांबीत दोनेक मिलिमीटरचा फरक असतो. मामांना हे सांगायची गरज नाही, भाच्यासाठी लिहितोय. गावातल्या दुकानात नेमकी त्याच मापाची तार मिळेलच असं नाही.

आणि मामा, तुमची ती ढाब्याची गोष्ट वाचून मला इथला एक जुना किस्सा आठवला. 1913 च्या टूर दे फ्रान्समध्ये यूजेन क्रिस्तोफ नावाच्या गड्याचा पुढचा चिमटा डोंगर उतरताना मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम. तो सायकल खांद्यावर घेऊन काही तास पायी खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः चिमटा जोडला, आणि शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते. भाता हलवायला मात्र एका पोराची मदत झाली. तेवढ्यासाठी त्याला दंड ठोकला!

पीबीपीच्या नावाने इथे एक गोड पदार्थ मिळतो, 1910 पासूनचा. पॅरिस-ब्रेस्टच म्हणतात. चाकासारखा गोल, मधे क्रीम. भाच्याला सांगा, परत आल्यावर एक खा. जाताना नको, पोटात बसतं.


चक्केवाला_आर्वी

दिग्रसवाले भाऊ, लय बेस्ट किस्सा. भाता मी लहानपणी आमच्या गावच्या लोहाराकडं हलवला हाये, दंड त्याले नाही मले व्हाले पायजे होता. बायकोले वाचून दाखवला. ती म्हणे, "तुमीबी मोटारसायकलवर बाजूनं चालले ना, तुमालेबी दंड पडाले पायजे." आता हे नियमात बसते का, काटेकोर भाऊच सांगतीन.

झालं ते असं. मागचा चक्का एकच जाते. पुठ्ठ्याचं खोकं केलं, 65 बाय 65 बाय 20, टेप मारून. मोजून घेतलं दोनदा. पाइप दोन्ही भिंतीले टेकते. वजन खोक्यासकट साडेतीन किलो भरलं, किराणा दुकानाच्या काट्यावर. लुदेआकच्या बॅगेचं भाचा मेल टाकून विचारणार. ते नाही म्हटले तर चक्का हॉटेलातच राहीन अन् तिथपर्यंतच्या प्रवासात मोडतोड झाली तर कामी पडन, तेवढंबी पुरे.

पण मले खरी अक्कल बडनेरावाल्या भाऊच्या त्या पहाटेच्या तारेनं आली. पोट्ट्याले चक्का न्याचं येते, पण तार बदलता येते काय? विचारलं तर म्हणे, "व्हिडिओ पायला हाये मामा." मग रविवारी जेवण झाल्यावर दुकानाचं शटर खाली ओढलं, लाइट बंद केली, त्याच्या कपाळाले त्याचाच दिवा बांधला अन् माह्या हातानं चेनीकडची एक तार कापून टाकली. आठ दिवस बांधलेल्या चक्क्याची! कापताना माहाच जीव खालीवर झाला. म्हटलं, आता बसव. पहिल्या वेळी कॅसेटची रिंगच सुटेना, एक तास दहा मिनिटं. दुसऱ्या वेळी पस्तीस मिनिटं. तिसऱ्या वेळी त्यानं हात पुढं केला, म्हणे "चावी द्या", मी दिली नाही. म्हटलं, मी कंट्रोलवर नाही, रस्त्यात हाये. मग बॅगेतून स्वतःची काढली. बावीस मिनिटं. आऊट थोडा रायला, पण फ्रेमले घासत नाही.

दोरीची तार मागवली हाये, येऊ द्या, तीबी अंधारातच ओवाले लावतो.

पोळा झाला की 300 ची ब्रेव्हे हाये, ती याच चक्क्यावर मारतो म्हणते. पुढचा चक्का दुकानात खिळ्याले टांगला. काळ्या सायकलीले तो काही बसत नाही, नाही तर माह्याच सायकलीले लावला असता. काल एक पोरगा विचारे, "मिस्त्रीकाका, हा केवढ्याले?" म्हटलं, हा इकाचा नाही.